न आलेला दातही मोजा

महोदय,

शाळेतल्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर दातांसाठी बहुधा एकच रकाना असतो आणि त्यात ‘कीड आहे’ किंवा ‘कीड नाही’ एवढेच भरले जाते. तोंडात जो दात दिसतो त्याची नोंद होते. जो यायला हवा होता आणि आला नाही, त्याची होत नाही. दुसरी-तिसरीतल्या मुलाचा वरचा पुढचा एक दात आला आणि शेजारचा आलाच नाही, तर शिक्षक, आजी आणि कधी कधी डॉक्टरसुद्धा ‘येईल हळूहळू’ म्हणून सोडून देतात. पुष्कळदा तो येतोही. पण येत नाही तेव्हा त्याच्या वाटेत, टाळूच्या बाजूला हाडात, एक जास्तीचा दात बसलेला असण्याची शक्यता बरीच असते. तो सातव्या-आठव्या वर्षी सापडला तर काम आटोपशीर असते. बाराव्या-तेराव्या वर्षी सापडला तर तेच काम शस्त्रक्रिया, तारा आणि दोन-दोन वर्षांच्या फेऱ्यांवर जाते.

दुधाचे दात २०, पक्के ३२. या हिशेबाबाहेरचा दात तो जास्तीचा. पक्क्या दातांच्या बाबतीत शंभरात एक ते तीन मुलांना तो असतो, मुलग्यांत मुलींच्या साधारण दुप्पट. बहुतेक वेळा वरच्या जबड्याच्या पुढच्या भागात असतो. पटाशीच्या दोन मोठ्या दातांच्या मधोमध येणाऱ्याला मेसिओडेन्स म्हणतात आणि सर्वांत जास्त आढळतो तो हाच. दुधाच्या दातांत हे प्रमाण एक टक्क्याच्याही आत आहे. पण तिथला जास्तीचा दात दिसायला शेजारच्यासारखाच असतो, ओळीत गुमान बसतो आणि कुणी मोजले नाही तर कळतही नाही. मोजायला हवे, कारण दुधाचा दात जास्तीचा असलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश ते निम्म्यांना पुढे पक्का दातही जास्तीचा निघतो.

हे का होते? दात ज्या पेशींच्या पट्टीतून तयार होतात ती पट्टी एखाद्या जागी गरजेपेक्षा जास्त काम करत राहते, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. घराण्यात कुणाला असेल तर शक्यता वाढते. कॅल्शियमच्या गोळ्या, गोड खाणे किंवा गरोदरपणातल्या आहाराशी याचा संबंध जोडण्यात अर्थ नाही. जपानमधल्या ‘नवे दात उगवणाऱ्या’ औषधाच्या बातम्या वाचकांनी वाचल्या असतील. त्या औषधाची मानवी चाचणी २०२४ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू झाली. त्या संशोधनाचा धागा याच विषयातून आला आहे. यूएसएजी-१ नावाचे प्रथिन नसलेल्या उंदरांना जास्तीचे दात येतात, हे आधी दिसले होते.

एकाच मुलात पाच-सहा जास्तीचे दात दिसले तर मात्र गोष्ट तोंडापुरती राहत नाही. दुभंगलेला ओठ-टाळू असलेल्या मुलांत फटीच्या जागी एखाद-दुसरा जास्तीचा दात असणे नेहमीचे आहे. पण दुधाचे दात पडत नाहीत, पक्के येत नाहीत, आणि मूल दोन्ही खांदे छातीसमोर जवळजवळ जुळवू शकते, असे असेल तर क्लायडोक्रेनियल डिस्प्लेशियाचा विचार करावा लागतो. यात गळपट्टीची हाडे अपुरी असतात आणि दोष आरयूएनएक्स-२ या जनुकात असतो. अनेक जास्तीचे दात आणि जबड्याच्या हाडावर गाठी असे एकत्र दिसले, तर गार्डनर सिंड्रोम या आनुवंशिक आजारासाठी (त्यात आतड्यातही गाठी होतात) मोठ्या आतड्याची तपासणी करून घ्यावी लागते. अशी मुले थोडी असतात, पण दात काढून घरी पाठवण्याजोगी नसतात.

जास्तीच्या दाताचा आकार पाहून तो पुढे काय करणार याचा अंदाज बांधता येतो. शंकूसारखा, टोकदार दात लवकर तयार होतो, त्याचे मूळ बहुधा पूर्ण असते आणि पुष्कळदा तो स्वतःच हिरडीबाहेर येतो. त्यामुळे मधे फट पडते किंवा शेजारचे दात फिरतात, पण ते अडून राहण्याचे प्रमाण त्या मानाने कमी. खरा त्रास देतो तो बुटका, पिंपासारखा, माथ्यावर उंचवटे असलेला दात. हा उशिरा तयार होतो, मूळ अर्धवट किंवा नसतेच, बहुधा जोडीने असतो आणि पटाशीच्या दातांच्या बरोबर मागे टाळूकडे बसून त्यांचा रस्ता अडवतो. स्वतः क्वचितच बाहेर येतो. आईवडिलांना त्याचा पत्ता लागत नाही तो यामुळेच. तिसरा प्रकार हुबेहूब नेहमीच्या दातासारखा, बहुधा पटाशीच्या बाजूच्या छोट्या दाताची नक्कल. चौथा म्हणजे ओडोन्टोमा, दाताच्याच ऊतींचा गोळा. त्यात कधी कधी तांदळाएवढे दहा-पंधरा दातुले निघतात.

आता वेळापत्रक. खालचे पुढचे दोन पक्के दात सहाव्या-सातव्या वर्षी येतात, वरचे मोठे दोन सातव्या-आठव्या, त्यांच्या बाजूचे छोटे आठव्या-नवव्या आणि वरचे सुळे अकराव्या-बाराव्या वर्षी. चार-सहा महिने इकडेतिकडे झाले तर काळजी नको. वयापेक्षा क्रम आणि जोडी महत्त्वाची. एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि जोडीदार आला नाही; मोठा दात न येताच बाजूचा छोटा आला; किंवा खालचे दोन येऊन वर्ष उलटले तरी वरचे दोन्ही मोठे नाहीत. या तिन्हींपैकी काहीही दिसले की वाट पाहणे थांबवून एक्स-रे काढावा. चौथी खूण म्हणजे वेळ टळूनही न हलणारा दुधाचा दात.

मधल्या फटीबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. फट असलेला माणूस नशीबवान असतो म्हणून कुणी तिच्याकडे पाहतच नाही, तर कुणी आठव्या वर्षीच तारा लावायला धावतो. या वयात दोन मिलीमीटरपर्यंतची फट नैसर्गिक असते आणि सुळे येताना बहुतेकदा आपोआप भरते. फट त्याहून मोठी असेल, दोन दातांपैकी एक वळलेला असेल किंवा दोघे तिरके होऊन एकमेकांपासून दूर गेले असतील, तर मधे काय आहे ते पाहावे. मेसिओडेन्स तसाच ठेवून फट तारांनी बंद करायला घेतली तर दात सरकत नाहीत, किंवा सरकले तर त्यांची मुळे त्या दातावर घासून झिजू शकतात. उलट, सहाव्या वर्षी खालच्या दुधाच्या दातांमागे दुसरी ओळ उगवली की पालक घाबरून येतात. ती जास्तीच्या दातांची ओळ नव्हे. ते पक्के दातच असतात, पुढचे दुधाचे अजून पडले नाहीत इतकेच.

तोंड तपासताना बोट वापरावे. वरच्या ओठाच्या आत, हिरडीच्या वरच्या खळग्यात बोट फिरवले की येऊ घातलेल्या दाताचा फुगीर भाग हाताला लागतो. दोन्ही बाजूंची तुलना करावी, मग टाळूकडून तेच करावे. एका बाजूला फुगीर भाग आहे, दुसऱ्या बाजूला सपाट, तर दात उंच किंवा आडवा अडकलेला असू शकतो. याच वेळी विचारावे: मूल दोन-तीन वर्षांचे असताना तोंडावर पडले होते का, दुधाचा दात आत घुसला होता का? तसे झाले असेल तर दात न येण्याचे कारण जास्तीचा दात नसून पक्क्या दाताचे वाकलेले मूळ असू शकते आणि उपचार पूर्ण वेगळे होतात. दुधाचा दात फार लवकर काढावा लागला असेल तर वरची हिरडी जाड, चिवट होऊन दात खाली अडकतो. तिथे छोटासा छेद पुरतो.

एक्स-रेच्या बाबतीत सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे नुसता ओपीजी काढून ‘काही नाही’ म्हणणे. ओपीजीत दोन्ही जबडे एका फोटोत येतात, दात मोजायला तो उत्तम. पण त्या यंत्रात विशिष्ट जाडीचा एक पट्टाच स्पष्ट येतो, आणि पुढच्या मधल्या भागात त्यावर मानेच्या मणक्यांची सावली पडते. टाळूकडे सरकलेला छोटा दात तिथे पुसट होतो किंवा दिसतच नाही. म्हणून जोडीला पुढच्या दातांचा छोटा एक्स-रे किंवा चावून धरायचा ऑक्लुजल एक्स-रे हवाच.

दात आहे हे कळले तरी तो ओठाच्या बाजूला की टाळूच्या, हे एका फोटोत कळत नाही, आणि हिरडी कुठून उघडायची हे त्यावरच ठरते. त्यासाठी एक्स-रे यंत्राची ट्यूब बाजूला सरकवून दुसरा फोटो काढायचा. धावत्या एसटीतून पाहताना रस्त्याकडेचे खांब मागे पळतात आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर येतो, तोच हिशेब इथे. ट्यूब उजवीकडे नेल्यावर शेजारच्या दातांच्या तुलनेत जास्तीचा दातही उजवीकडे सरकलेला दिसला तर तो ट्यूबपासून लांब, म्हणजे टाळूकडे आहे. उलट सरकला तर ओठाकडे. ओपीजी आणि ऑक्लुजल हे दोन फोटो आधीच काढलेले असतील तर ट्यूबच्या उंचीतल्या फरकावरूनही हेच वाचता येते, तिसऱ्या फोटोची गरज पडत नाही.

सीबीसीटी, म्हणजे जबड्याची त्रिमितीय एक्स-रे तपासणी, हल्ली मोठ्या गावांत सहज मिळते आणि म्हणून सरसकट लिहून दिली जाते. ती चांगली तपासणी आहे, पण दर मुलाला नको. छोट्या एक्स-रेचे रेडिएशन निसर्गातून एखाद-दुसऱ्या दिवसात मिळते तेवढे असते. सीबीसीटीचे त्याच्या कितीतरी पट, आणि किती ते यंत्रावर व फोटोच्या आवाक्यावर अवलंबून. दात उलटा वर नाकाच्या तळाशी गेला असेल, शेजारच्या मुळाला चिकटलेला दिसत असेल, मूळ झिजल्याची शंका असेल किंवा दोन-तीन दात एकमेकांवर चढलेले असतील, तेव्हा ती जरूर काढावी. तेव्हाही आवाका फक्त पुढच्या भागापुरता ठेवायला सांगावे. सेंटरला चिठ्ठीत नुसते ‘सीबीसीटी’ लिहिले तर पूर्ण जबडा येतो.

सापडलेला प्रत्येक जास्तीचा दात काढायलाच हवा असे नाही. तो उंच हाडात आहे, कुणाच्या वाटेत नाही, पुढचे सर्व दात आले आहेत, दाताभोवतीची पातळ पिशवी वाढलेली नाही, त्या जागी तारा लावून दात सरकवायचे नाहीत: अशा वेळी ठरावीक काळाने एक्स-रे काढून लक्ष ठेवणे हाच योग्य उपचार. काढण्याच्या धडपडीत शेजारच्या कोवळ्या मुळाला इजा होण्याचा धोका दाताच्या धोक्यापेक्षा मोठा असू शकतो. बाहेर आलेला शंकूसारखा दात मात्र साध्या भुलीत, नेहमीच्या चिमट्याने निघतो. तिथे पुढची तारीख द्यायला कारण नाही.

वाट अडवणारा दात कधी काढावा, यावर आमच्या व्यवसायात दोन मते आहेत. सहा-सात वर्षांतच काढला तर पक्क्या दाताचे मूळ अजून वाढत असते, बाहेर येण्याचा त्याचा स्वतःचा जोर शाबूत असतो आणि शेजारचे दात जागा खायला सरसावलेले नसतात. थांबावे म्हणणारे सांगतात की पटाशीच्या मोठ्या दाताचे मूळ दहाव्या वर्षाच्या सुमारास पूर्ण होते, तोवर शस्त्रक्रियेत मुळाच्या कोवळ्या टोकाला धक्का लागू शकतो, आणि लहान मूल खुर्चीत स्थिरही बसत नाही. आमचे मत असे: दात अडलाच आहे हे नक्की झाल्यावर दहाव्या वर्षापर्यंत थांबण्यात फायद्यापेक्षा तोटा जास्त. जास्तीचा दात कोवळ्या मुळाला अगदी लागून असेल किंवा पाच वर्षांच्या मुलात योगायोगाने सापडला असेल, तर थांबणे समजण्यासारखे आहे.

शस्त्रक्रियेबद्दल पालकांना नीट सांगितले जात नाही, म्हणून थोडे तपशिलात. सहकार्य करणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलात ती जागेवरच्या भुलीत होते, जोडीला भीती कमी करणारा नायट्रस ऑक्साइड वायू असेल तर उत्तम. फार लहान, घाबरलेले मूल किंवा खोलवरचे दोन दात असतील तर पूर्ण भूल द्यावी. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची मुलांतली कमाल मात्रा किलोमागे ४.४ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला ८८ मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्के औषधाचे ४.४ मिलिलिटर. ही वरची मर्यादा झाली, गरज बहुधा निम्म्यात भागते. १.८ मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये हिशेब सोपा असतो. ३० मिलिलिटरच्या बाटलीतून पुन्हा पुन्हा सिरिंज भरताना तो सुटतो, तेव्हा सहाय्यकाने आकडा लिहीत जावे.

दात टाळूकडे असेल तर हिरडी दातांच्या कडेने, एका बाजूच्या दुधाच्या सुळ्यापासून दुसऱ्या बाजूच्या सुळ्यापर्यंत सोडवून मागे उचलतात. टाळूवर उभा छेद घेत नाहीत. मधोमध पुढच्या दातांमागे एक छोटी नस येते, ती कधी कापावी लागते. तिथला बधिरपणा बहुधा काही आठवड्यांत जातो. दातावरचे हाड पातळ असेल तर हाताच्या अवजारानेच सुटते, नाहीतर गोल बरने (हाड कोरायच्या फिरत्या टोकाने), सलाइनचे पाणी सतत सोडत थोडेथोडे काढायचे. हवेच्या दाबावर चालणारा एअरोटर इथे वापरू नये, त्याची हवा ऊतींत शिरून चेहरा सुजतो. विजेवर चालणारा मायक्रोमोटर किंवा सर्जिकल हँडपीस वापरावा. हाड जास्तीच्या दातावरचेच काढायचे आणि दात उचकटायच्या एलिव्हेटरचा टेकू न आलेल्या पक्क्या दातावर कधीही द्यायचा नाही. दात निघाल्यावर तो अखंड आहे का पाहायचे, आणि एक्स-रेत दोन होते तर दोन्ही निघाले का हेही. भोवतीची पिशवी खरवडून काढायची आणि ती फुगलेली असेल तर गाठ नाही ना हे पाहायला पॅथॉलॉजीकडे पाठवायची. ३-० किंवा ४-० विक्रिल या आपोआप विरघळणाऱ्या धाग्याचे टाके दातांच्या फटींतून घालून टाळू गॉजने काही मिनिटे दाबून धरला की खाली रक्त साचत नाही.

घरी गेल्यावर पहिला दिवस थंड, मऊ खाणे: दहीभात, गार झालेली खिचडी. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचे अंतर. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचे सिरप असेल तर ६ मिलिलिटर, १२५ चे असेल तर १२ मिलिलिटर. बाटलीवरचा आकडा न वाचता ‘एक चमचा’ देणे हे डोस चुकण्याचे सर्वांत मोठे कारण. निरोगी मुलात प्रतिजैविकाची सहसा गरज नसते.

यानंतरचा भाग सर्वांत दुर्लक्षित. जास्तीचा दात काढला म्हणजे पक्का दात दुसऱ्या महिन्यात येत नाही. अडथळा दूर झाल्यावर निम्म्याहून अधिक मुलांत तो आपोआप येतो, पण त्याला सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षेही लागतात. त्या काळात त्याची जागा राखायला हवी. पटाशीच्या मोठ्या दाताला साडेआठ-नऊ मिलीमीटर जागा लागते. शेजारचा छोटा दात मधे कलला तर ती पाच-सहावर येते, मधली रेषा एका बाजूला सरकते आणि मग जागा परत मिळवायला तारा लावाव्या लागतात. म्हणून जागा आधी मोजावी, कमी असेल तर शस्त्रक्रियेपूर्वीच वाढवून घ्यावी, आणि नंतर काढघालीची प्लेट किंवा चार दातांवर ब्रॅकेट असलेली साधी तार ठेवावी. दर तीन महिन्यांनी बोटाने फुगीर भाग खाली सरकला का ते पाहावे. वर्षभरात काहीच हालचाल नसेल, किंवा दात मुळातच फार उंच व आडवा असेल, तर हिरडी उघडून दातावर बारीक साखळी चिकटवतात आणि ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावणारा दंतवैद्य, तारेवरून हलक्या ओढीने त्याला खाली आणतो. साखळी सुटणे ही नेहमीची कटकट आहे. रक्त-लाळ पूर्ण आटोक्यात नसताना चिकटवली की हमखास सुटते आणि हिरडी पुन्हा उघडावी लागते.

दिसायला हुबेहूब जोडीदार असलेला दात काढताना घाईने ‘बाहेरचा तो जास्तीचा’ असे धरून चालतात. दोन्हींचे मूळ, आकार आणि दुसऱ्या बाजूच्या दाताशी साम्य पाहून, जो कमी प्रतीचा किंवा ओळीबाहेर आहे तो काढावा. जन्मतःच दात घेऊन आलेल्या बाळाचा दात अपशकुन म्हणून लगेच काढून टाकायची घाईही अशीच. असे बहुतेक दात जास्तीचे नसून खालचे नेहमीचे दुधाचेच दात असतात, थोडे लवकर आलेले. फार हलत नसेल, दूध पिताना अडचण नसेल तर तो राहू द्यावा.

आता मागणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा जातात, आणि त्यांच्या यादीत दातांचे आजार आहेत. तिथे, तसेच खासगी शाळांत टूथपेस्टच्या नमुन्यांसह होणाऱ्या शिबिरांत, दुसरी ते चौथीच्या मुलांसाठी एकच ओळ वाढवावी: ‘वरचे पुढचे चार पक्के दात: कोणते आले, कोणते नाहीत.’ भरायला दहा सेकंद लागतात, उपकरण लागत नाही. पथक वर्षातून एकदाच येत असल्याने सहा महिन्यांच्या नियमावर ते स्वतः लक्ष ठेवू शकत नाही, म्हणून दुसरीत एकच मोठा दात दिसला तर पालकांना तारखेसह चिठ्ठी द्यावी: ‘सहा महिन्यांत शेजारचा आला नाही तर एक्स-रे.’ चौथीत दोनपैकी एकही मोठा दात कमी दिसला तर चिठ्ठीवर न थांबता मुलाला थेट जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे आणि तिथून दंत विभागाकडे पाठवावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत तसेच मुंबई महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचे, शस्त्रक्रियेचे आणि तारांचे विभाग एकाच आवारात आहेत. पाठवताना मुलासोबत जुने एक्स-रे आणि खालचे-वरचे दात कधी आले याची नोंद द्यावी, म्हणजे पहिलीच खेप पुन्हा फोटो काढण्यात जात नाही.

– मुलांच्या दातांवर उपचार करणारे दोन डॉक्टर
(नावे व पत्ता संपादकांकडे)